अंगणातला आर्माडिलो: खुणा ओळखण्यापासून डोळ्यांनी बघण्यापर्यंत

आई देवरुखहून पहिल्यांदा आमच्याकडे टेक्सासात, शुगर लँडला आली तेव्हाची गोष्ट. रात्री भांडी आवरताना ती खिडकीतूनच ओरडली, "अगं, लवकर ये, तुमच्याकडेपण खवले मांजर आहे!" मी हात पुसत बाहेर आले. कुंपणाच्या कडेला एक राखाडी गठ्ठा नाक मातीत खुपसून भराभर चालला होता. आम्ही दोघी पाच-सहा फुटांवर होतो, पण त्याला पत्ता नव्हता. आईने "शुक शुक" केल्यावर तो जागच्या जागी कमरेएवढा उंच उडाला आणि झुडपात पसार झाला. सकाळी लॉनमध्ये सतरा भोकं मोजली.

तेव्हापासून ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसकडची आपली मंडळी मला दोनच प्रश्न विचारतात. मुलांना आर्माडिलो दाखवायचा आहे, कुठे दिसेल? आणि लॉन उकरणारा आर्माडिलो घालवायचा कसा? दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. त्याचं चिलखत विसरा आणि नाक लक्षात ठेवा. हा प्राणी नाकाने जगतो. तो कुठे येतो, कधी येतो, कशाने पळतो, हे सगळं नाकावरून आणि त्याच्या गारठ्याला न झेपणाऱ्या अंगावरून कळतं.

पायरी १: आधी ओळख पक्की करा

आईची चूक अगदी साहजिक होती. कोकणातलं खवले मांजर आणि आर्माडिलो दोघेही रात्री फिरतात, मुंग्या-वाळवी खातात, बिळात राहतात आणि अंगावर चिलखत बाळगतात. पण नात्याने दोघं फार लांबचे. खवले मांजराचे जवळचे भाऊबंद म्हणजे मांजर-कुत्र्यांसारखे मांसाहारी प्राणी. आर्माडिलोचे सोयरे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले स्लॉथ आणि मुंगीखाऊ. एकसारख्या धंद्यामुळे दोघांना एकसारखे कपडे मिळाले, एवढंच.

कपडेसुद्धा नीट बघितले तर वेगळे आहेत. खवले मांजराचे खवले नखांच्याच द्रव्याचे असतात आणि मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. आर्माडिलोच्या कातडीत मात्र खरीखुरी हाडाची तबकं असतात, फरशीसारखी शेजारी शेजारी बसवलेली, वर शिंगासारखा पातळ थर. खांद्यावर एक ढाल, ढुंगणावर दुसरी आणि मधे हलणारे पट्टे. पट्ट्यांच्या मधल्या कातडीच्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात-मिटतात, म्हणूनच तो वळू शकतो. खवले मांजराला दात नसतात. याला २८ ते ३२ असतात, पण खुंट्यांसारखे आणि इनॅमल नसलेले.

आर्माडिलोच्या वीसेक जाती आहेत, सगळ्या अमेरिका खंडांतल्या. अर्जेंटिनातला गुलाबी परी-आर्माडिलो तळहातावर मावेल, तर ॲमेझॉनकडचा राक्षसी आर्माडिलो पन्नास किलोंपर्यंत जातो. टेक्सासात आढळतो तो नऊपट्टी. नावावर जाऊ नका, पट्टे सात ते अकरा कितीही असू शकतात. लिनेअसने १७५८ मध्ये या जातीला नाव दिलं. २०२४ मध्ये जनुकं तपासून संशोधकांनी तिचे चार तुकडे केले. त्या वाटणीत टेक्सासचा आर्माडिलो मेक्सिकोवाल्यांच्या गटात गेला.

आकार घरच्या मांजराएवढा: डोकं आणि धड मिळून ३८ ते ५८ सेंटिमीटर, वर लांब शेपटी, वजन साधारण ३ ते ६ किलो. कान गाढवाचे छोटे करून चिकटवल्यासारखे.

मुलं हमखास विचारतात, "हा चेंडू करतो ना?" नाही करत. अंगाचा पक्का गोळा करणं फक्त तीनपट्टी जातींना जमतं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा शुभंकर 'फुलेको' होता ना, तो ब्राझीलचा तीनपट्टी आर्माडिलो. आपला नऊपट्टी संकट आलं की पळतो, नाहीतर काटेरी झुडपात घुसतो. तिथे चिलखत कामी येतं, कारण काटे कुत्र्याला टोचतात, याला नाही.

पायरी २: योग्य जागा निवडा

त्याला तीन गोष्टी लागतात: उकरायला मऊ माती, वर झाडी आणि जवळपास ओलावा. म्हणून ओढ्याकाठची जंगलं, नदीकाठची गाळाची जमीन आणि पालापाचोळा साठलेल्या सावल्या ही त्याची आवडती ठिकाणं. पश्चिम टेक्सासच्या कोरड्या, कडक जमिनीत तो जवळजवळ नाहीच. वर्षाला ३८० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या भागात त्याचं भागत नाही.

दुसरी मर्यादा थंडीची. त्याच्या अंगाचं तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्यापेक्षा बरंच कमी. अंगावर चरबी जेमतेम, केस विरळ, आणि अस्वलासारखी हिवाळाभर झोप काढायची सोय नाही. जमीन चार-आठ दिवस गोठली की नाक चालतं पण नख रुतत नाही, आणि उपासमार होते. तरी गडी चिवट आहे. १८५० च्या आसपास रिओ ग्रांदे नदी ओलांडून तो टेक्सासात आला. १९२० च्या दशकात माणसांच्या हातून सुटलेल्या आर्माडिलोंनी फ्लोरिडात वेगळा संसार मांडला. आता तो नेब्रास्का, इलिनॉय, इंडियानापर्यंत पोचलाय. टेक्सासने तर १९९५ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत 'लहान सस्तन प्राणी' करून टाकलं. मोठ्याचा मान अर्थात लाँगहॉर्न गुरांना.

ह्यूस्टनच्या नैऋत्येला राहत असाल तर ब्राझोस बेंड स्टेट पार्क सगळ्यात सोयीचं. पायवाटा सपाट आहेत, पालापाचोळा भरपूर आहे. पण तळ्यांच्या काठाला मगरींचे चुलत भाऊ, ॲलिगेटर, ऊन खात पडलेले असतात. त्यांच्यापासून तीस फूट लांब राहायचा पार्कचा नियम आहे. लहान पोरं बरोबर असतील तर तळ्याकाठच्या वाटा सोडून झाडीतल्या धरा.

पायरी ३: प्राण्याआधी खुणा शोधा

दिवसाउजेडी जाऊन माग काढून ठेवला की रात्रीची वणवण वाचते. चार खुणा बघा.

भोकं: शंकूच्या आकाराची, तीन ते पाच इंच रुंद, एक ते तीन इंच खोल, एकापुढे एक नागमोडी रांगेत. जमिनीखाली सहा-सात इंचांवरची अळीसुद्धा त्याला वासाने कळते, म्हणून प्रत्येक भोक म्हणजे त्याच्या नाकाने दाखवलेली एक जागा. दुसऱ्या कुणाचा आळ त्याच्यावर घेऊ नका. रकून नव्याने घातलेलं गवत सतरंजीसारखं गुंडाळून ठेवतो. रानडुकरं आली तर नांगरट केल्यासारखं दिसतं. स्कंक या घाण वास सोडणाऱ्या प्राण्याची भोकं मात्र खूपच सारखी असतात; तिथे आपलं नाक वापरायचं.

ठसे: पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. पुढची मधली दोन लांब असल्यामुळे ओल्या मातीत पाखराच्या पायाचा भास होतो. ठशांच्या मधून शेपटी ओढल्याची रेघ दिसली तर शंकाच नको.

लेंड्या: हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोरांनी टाकलेल्या मातीच्या गोट्या वाटल्या. किडे खाताना तो बरीच माती गिळतो, त्यामुळे लेंडी गोल आणि मातकट असते. काडीने फोडली तर भुंगेऱ्यांच्या पंखांचे चकाकते तुकडे दिसतात. काडीनेच फोडा, बोटांनी नको. कारण पुढे येतंय.

बीळ: तोंड सात-आठ इंचांचं, बहुधा झाडाच्या मुळाशी, लाकडांच्या ढिगाखाली, ओढ्याच्या दरडीत किंवा आपल्या डेकखाली. आत पंधरा फुटांपर्यंत बोगदा जाऊ शकतो. एकाची अनेक बिळं असतात. आत सुकलेल्या पाल्याची गादी असते, आणि तो पाला नेण्याची त्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे: पाल्याचा भारा पोटाशी धरून उलट्या उड्या मारत बिळात शिरतो. बीळ वापरात आहे का ते तपासायला संध्याकाळी तोंडावर चार बारीक काड्या आडव्या ठेवा. सकाळी विस्कटलेल्या असतील तर घरमालक आत आहे. पण मालक आर्माडिलोच असेल असं नाही, कारण त्याच्या जुन्या बिळांत साप, उंदीर, ओपॉसम, स्कंक कुणीही भाडेकरू असतो. हात घालायचा नाही.

पायरी ४: वेळ साधा

दिवसाचे सोळा-अठरा तास तो झोपतो. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर बाहेर पडतो, म्हणून मे ते सप्टेंबर दिवेलागणीनंतरचे दोन-तीन तास उत्तम. हिवाळ्यात गणित उलटं होतं. थंडीत रात्री फिरणं त्याला परवडत नाही, म्हणून तो दुपारच्या उबेत निघतो. भारतातून पाहुणे डिसेंबरात येत असतील तर रात्रीच्या फेऱ्या मारू नका, तीन-चार वाजता जा. माझ्या सासऱ्यांना तो असाच भर दुपारी दिसला, आणि मी दोन महिने टॉर्च घेऊन हिंडले याचं ते अजून हसतात. पाऊस पडून गेल्यावरची संध्याकाळ कुठल्याही ऋतूत चांगली, कारण माती मऊ असते आणि गांडुळं वर आलेली असतात.

पायरी ५: ऐका, थांबा, वाऱ्याचं भान ठेवा

डोळ्यांनी शोधायला जाल तर फसाल. झाडीत उभं राहून ऐकायचं. खार पाचोळ्यात थांबून थांबून खसखसते, हरणाचं पाऊल सुटं पडतं. आर्माडिलो मात्र अखंड आवाज करतो, कुणीतरी कागदी पिशव्या चुरगाळत चाललंय असा, मधूनच फुसफुस आणि बारीक घुरघुर. एवढ्याशा प्राण्याचा इतका गोंगाट असतो की पहिल्यांदा डुक्करच वाटतं.

आवाज सापडला की वारा बघा. चिमूटभर कोरडी माती सोडून ती कुठे उडते ते पाहा आणि वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येईल असे उभे राहा. अत्तर, डास पळवायचं मलम, कांदाभजीचा डबा, सगळं वाऱ्यावरून त्याला पोचतं. त्याची नजर अधू आहे. तुम्ही हालचाल केली नाही तर तो तुमच्या बुटांपर्यंत येतो. एकदा ब्राझोस बेंडला एक माझ्यापासून हातभर अंतरावर आला. पुढच्या नखांनी तीन फटके मारून पाला उडवला, नाक डोळ्यांपर्यंत भोकात घातलं आणि हुमणीची पांढरी अळी काढून मचमच चावली. ओठाला माती लागलेली, कानाच्या आतली कातडी गुलाबी, पोटावर राठ केस. मग काहीतरी खटकलं असावं. मागच्या पायांवर उभा राहिला, शेपटीचा टेकू घेतला आणि नाक हवेत फिरवलं. अशा वेळी श्वासही हळू घ्यायचा. संशय फिटला तर पुन्हा कामाला लागतो.

टॉर्चवर लाल कागद लावा. फ्लॅश नको. दचकला की तो तीन-चार फूट सरळ वर उडतो. हल्ला करणाऱ्या जनावराला चकवायला ही उडी छान, पण गाडी वरून जात असताना हीच त्याचा घात करते. चाकांच्या मधून सुखरूप सुटला असता, तो उडून बंपरवर आपटतो. टेक्सासच्या रस्त्यांच्या कडेला मेलेले आर्माडिलो इतके दिसतात त्याचं हे एक मोठं कारण. रात्री गावाबाहेर गाडी चालवताना कडेला काही हललं तर वेग कमी करा. चाकांच्या मधून जाऊ द्यायचा विचार करू नका.

ओढ्याकाठी थांबला असाल तर नशीब असेल तर आणखी एक गंमत दिसेल. चिलखतामुळे तो पाण्यात बुडतो, मग छोटा ओढा चक्क तळाने चालत पार करतो. सहा मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो. पात्र रुंद असेल तर हवा गिळून पोट-आतडी फुगवतो आणि तरंगत जातो.

स्वतःसाठी: पूर्ण पँट, मोज्यात खोचलेली. टेक्सासच्या गवतात चिगर नावाचे, कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव असतात, आठवडाभर खाजवायला लावतात. उभं राहण्याआधी पायाखाली फायर अँटचं वारूळ नाही ना ते बघा. वाटेवर कॉपरहेड साप असतो, त्यामुळे टॉर्च आधी पायाशी, मग झाडीत.

पायरी ६: वसंतात चार पिल्लं शोधा

मार्च-एप्रिलात पिल्लं होतात आणि मे-जूनमध्ये आईमागून रांगेने फिरताना दिसतात. जवळजवळ नेहमी चार, आणि चारही एकाच लिंगाची. चारही भाऊ किंवा चारही बहिणी, कारण एकाच फलित अंड्याचे चार भाग होऊन ती झालेली असतात. एकमेकांच्या हुबेहूब प्रती. या जातीत हा अपघात नाही, नेहमीचा शिरस्ता आहे. त्याहून विचित्र म्हणजे मीलन होतं जुलै-ऑगस्टात, पण गर्भ तीन-चार महिने गर्भाशयात नुसता थांबून राहतो, नोव्हेंबरच्या सुमारास रुजतो आणि मग चार महिन्यांनी बाळंतपण. पिल्लं उघड्या डोळ्यांनी जन्मतात, कवच मात्र मऊ चामड्यासारखं असतं. ते वाढीबरोबर हाडाळ होत जातं. चौघं दिसली तर जवळ जाऊ नका, आई जवळपासच असते.

पायरी ७: हात का लावायचा नाही

लोक इथे एकतर घाबरतात, नाहीतर थट्टेवारी नेतात. दोन्ही नको. आर्माडिलोंमध्ये कुष्ठरोगाचे जंतू सापडतात, हे खरं आहे. हा जंतू शरीराच्या थंड भागांत फोफावतो, म्हणूनच माणसात नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांची बोटं आधी धरतो. आर्माडिलोचं अख्खं शरीरच त्याला हवं तेवढं थंड. जंतू काचेच्या बशीत वाढत नाही, त्यामुळे संशोधक वर्षानुवर्षं अडले होते. १९७१ मध्ये लुईझियानात एलेनॉर स्टॉर्स आणि वाल्डेमार किर्खहाइमर यांनी तो आर्माडिलोत वाढवून दाखवला, आणि संशोधनाला जंतूंचा पुरवठा मिळाला. बिचाऱ्याने हा रोग आपल्याला आणला असंही नाही. जंतू युरोपीय माणसांबरोबर अमेरिकेत आला आणि माणसाकडून त्याच्यात गेला. आता काही वेळा उलट येतो; अमेरिकेच्या (यूएसएच्या) दक्षिणेकडच्या राज्यांतल्या रुग्णांत आणि आर्माडिलोंत एकाच वाणाचा जंतू असल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं.

धोका किती? सुमारे ९५ टक्के माणसांना हा जंतू काही करू शकत नाही. अख्ख्या अमेरिकेत वर्षाला शे-दोनशे रुग्ण निघतात. आणि रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. वरोऱ्याच्या आनंदवनाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला हे सांगायला नको, पण माझ्याच ओळखीच्या एकीने अंगणात आर्माडिलो दिसला म्हणून मुलांचं खेळणं बंद केलं होतं. अंगणात खेळा. बघा, फोटो काढा. पकडू नका, मेलेला उचलू नका, मांस खाऊ नका. लॉनमधली भोकं बुजवताना हातमोजे घाला. मेलेला हलवायचाच असेल तर हातमोजे आणि फावडं. त्वचेवर बधिर चट्टा दिसला तर डॉक्टरांना "आर्माडिलोशी संबंध आला होता" हे आपणहून सांगा, कारण इथल्या डॉक्टरांच्या मनात हा रोग पटकन येत नाही.

पायरी ८: लॉन वाचवायचं असेल तर

आधी माझा पैसे घालवलेला प्रयोग. एका कंपनीवाल्याने एरंडेलाचे दाणे विकले: "वासाने पळेल." तिसऱ्या रात्री दाण्यांच्या मधोमध भोक. आर्माडिलोवर खात्रीने चालणारं पळवायचं औषध नाही, मंजूर झालेलं विषही नाही. त्यामुळे दुकानातल्या बाटल्या सोडा.

पहिला उपाय फुकट आहे. पाणी कमी करा. ऑगस्टात सगळीकडची जमीन तडकलेली असते आणि एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या धाकाने आपले स्प्रिंकलर रोज चालू असतात. अळ्या आणि गांडुळं ओलाव्याला वर येतात, नाक त्यांच्यामागे येतं. रोज थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा पहाटे भरपूर द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकेल.

मग हुमणी तपासा. फूटभर चौकोन खणून अळ्या मोजा. पाचाहून जास्त निघाल्या तरच औषधाचा विचार करा. कमी असतील तर औषधाने गांडुळंच मरतील.

लहान वाफ्याभोवती कुंपण करता येतं: दोन फूट उंच, तळाशी फूट-दीड फूट पुरलेलं, वरून बाहेरच्या बाजूला कललेलं. अख्ख्या लॉनला हे परवडत नाही. डेकखालचं बीळ काड्यांची परीक्षा तीन-चार रात्री करून रिकामं ठरल्यावरच दगड-मातीने बुजवा, आणि मार्च ते जून शक्यतो नकोच, आत पिल्लं असू शकतात.

पिंजरा शेवटचा. लावण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे नियम विचारा. पकडलेला प्राणी मनाला येईल तिथे सोडता येत नाही. पिंजरा साधारण १० बाय १२ बाय ३२ इंचांचा, दोन्ही बाजूंनी उघडणारा. आमिष ठेवून फारसा उपयोग नाही, त्याला जिवंत मातीचा वास हवा असतो. तो भिंतीच्या, कुंपणाच्या कडेने चालतो, म्हणून पिंजरा तिथेच ठेवा आणि तोंडापासून दोन लाकडी फळ्या नरसाळ्यासारख्या उघड्या लावा. पहाटेच बघा, टेक्सासच्या उन्हात पिंजऱ्यातला प्राणी नऊ वाजेपर्यंत मरू शकतो.

आम्ही पिंजरा लावला नाही. पाणी कमी केल्यावर भोकं सतरावरून तीन-चारवर आली आणि तेवढी मी सोडून दिली. रविवारी सकाळी हातमोजे घालून प्रत्येक भोकात मूठभर माती टाकते, टाचेने दाबते, मगभर पाणी घालते. सेंट ऑगस्टिन गवत आडवं पसरतं, दोन-तीन आठवड्यांत वरून झाकून घेतं. आई फोनवर विचारते, "आली होती का गं तुझी घोरपड?" खवले मांजरावरून आता घोरपडीवर आली आहे, मी दुरुस्त करत नाही.